हात लावण्याआधी

१० जुलै २०२५

ही वही मामेबहिणीने, कृतिकाने, मार्चमध्ये दिली. तिच्या बँकेत येतात तसली, निळी, जाड पुठ्ठ्याची. म्हणाली, "संद्या, तू काही धड करत नाहीस, निदान काय काय करत नाहीस ते तरी लिही." मार्च गेला. एप्रिलमध्ये मी हम्पीला गेलेलो, मेमध्ये कुठे होतो ते नीट आठवत नाही. वही उशीखाली. रोज वाटायचं, उद्यापासून. पहिल्या पानावर एक फोन नंबर लिहिलाय, तो कोणाचा तेही आता माहीत नाही.

आज लिहितोय कारण आजपासून मी मसाज शिकतोय.

खरं म्हणजे निघालेलो माजिवड्याला. तिथली संस्था कृतिकानेच शोधून दिलेली, सरकारी मान्यतेची. देवयानी मॅडम म्हणून आहेत. त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला मागितला. कोर्स सहा महिन्यांचा, पुढची बॅच ऑक्टोबरला, परीक्षा घ्यायला बाहेरची माणसं येतात. आणि म्हणाल्या, "सुरुवातीला तुम्ही कोणाच्या अंगाला हात लावणार नाही."

मी म्हटलं, "मग करायचं काय?"

"विचारायला शिकायचं."

माझं तिथेच मन उडालं. परत येताना भूक लागली म्हणून नौपाड्यात उतरलो. मिसळ खाताना समोर वर बघितलं तर बोर्ड. मसाज थेरपी डिप्लोमा, सहा आठवडे, आंतरराष्ट्रीय मान्यता. तर्रीचा वास हाताला, तसाच जिना चढलो. श्रीपाद सरांनी माझा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "असे हात शिकवून येत नाहीत." माझ्या कुठल्याच गोष्टीबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. तिथेच नाव घातलं.

घरी कृतिका म्हणाली, "मान्यता कोणाची?"

"इंटरनॅशनल."

"इंटरनॅशनल कोणाची?"

"सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का असतो."

"लग्नपत्रिकेवर पण असतो."

मामा हसला. म्हणाला, "शिकू दे गं त्याला. काहीतरी धरलंय त्याने. भाच्या, माझ्यावर प्रॅक्टिस कर." मामाची सगळी नोकरी एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत उभ्याने गेली. पोटऱ्यांवर निळ्या शिरा, सुतळीसारख्या वर आलेल्या. रिटायर झाल्यापासून तो दिवसभर पाय स्टुलावर ठेवून बसतो. आई गावाला असते, आणि मी जेव्हा कुठेच नसतो तेव्हा डोंबिवलीत मामाकडे असतो. हे लिहून ठेवतो, उगाच.

१९ जुलै

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. म्हणजे होते, पण मी लिहिले नाहीत.

आम्ही एकमेकांनाच मसाज करतो. सगळे विशी-पंचविशीतले. समृद्धी म्हणून एक मुलगी आहे, कळव्याची, तिला म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन काम करायचंय. सर फार छान बोलतात. त्यांचं एक वाक्य आहे, "दुखतंय म्हणजे लागू पडतंय." दुसरं, "गाठ सापडली की सोडायची नाही. अंगठ्याने फोडायची." भिंतीवर माणसाच्या आतल्या शिरा आणि स्नायूंचा तक्ता आहे, पण त्याच्या खिळ्याला टॉवेल वाळत असतात. समृद्धीने एकदा टॉवेल उचलून खाली काय आहे ते बघितलं. सर म्हणाले, "ते डॉक्टरांचं काम. आपलं काम हाताचं."

मला पटलं. खाली मिसळवाल्याकडे आता उधारी चालते.

२१ ऑगस्ट

परीक्षा झाली. सर स्वतःच टेबलावर पालथे झोपले आणि आम्ही एकेकाने त्यांची पाठ केली. माझ्या वेळेला त्यांना झोप लागली. उठून म्हणाले, "वा." सगळे पास. मागे निळा पडदा लावून फोटो काढले.

उजवा अंगठा गेले काही दिवस बधीर आहे. चहाचा ग्लास गरम आहे की नाही ते अंगठ्याला कळत नाही. सर म्हणतात, हात तयार होतोय.

घरी मामीला म्हटलं, तुझे खांदे दाबतो. ती म्हणाली, "मला नको कोणाचा हात. बाळंतपणात सखुबाईने चोळलंन तेवढं आयुष्याला पुरे." मामा म्हणाला, "मालन, एकदा घे दाबून, पोरगा सर्टिफाइड आहे." ती पदराने तोंड झाकून हसली आणि आत गेली.

परवा गावाला निघतोय, गणपतीला. मामा, मामी आणि मी. कृतिकाला रजा मिळाली नाही.

३ सप्टेंबर

काल गौरी-गणपती पोचवून निघालो, आज दुपारी घरी. माणगावला हायवे तुंबलेला. एसटी हलेच ना. मामा खिडकीशी, मांडीवर नारळाची पिशवी, पायाखाली तांदळाची. पाय हलवायला जागा नाही. मी म्हटलं, उतर जरा, पाय मोकळे कर. म्हणाला, जागा जाईल. पाणीही पीत नव्हता. "प्यायलो की उतरावं लागणार रे." मामीही तशीच. हे आमच्याकडचं सगळ्यांचं आहे, प्रवासात पाणी प्यायचं नाही.

घरी आलो तर तिघांचे पाय सुजलेले. माझे आणि मामीचे पाय वर करून पडल्यावर उतरले. मामाचा उजवा उतरला.

४ सप्टेंबर

मामाचा डावा पाय अजून सुजलेला. पोटरी लाल आणि गरम. पोटरीत लांबट काहीतरी लागतं, घट्ट. मी सरांना फोन केला. सर म्हणाले, "गाठ आहे. प्रवासाने धरलंय. गरम तेल लाव आणि वरच्या दिशेने फोड." मामीने खोबरेल गरम करून वाटीत आणून दिलं. मामा ओरडत होता, मग शिव्या देत होता, मग म्हणाला, "जरा हलकं वाटतंय बघ." डिप्लोमा घेतल्यापासून पहिलाच खरा पेशंट. मला बरं वाटलं. अंगठ्याला काहीच कळत नव्हतं, म्हणून तळव्याने केलं.

समृद्धीला मेसेज केला की गाठ फोडली. तिने हाताचा इमोजी पाठवला.

५ सप्टेंबर

सकाळी परत केलं. दुपारी मी बाहेर जाणार होतो, पलावाला एक मित्र आहे, त्याची सेकंडहँड सायकल बघायला. मामी म्हणाली, "जाण्याआधी अजून जरा चोळ ह्यांना. सकाळी बरं वाटलं होतं." चोळला. सायकल काही खास नव्हती.

६ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. मामा खाली सोसायटीच्या गणपतीच्या आरतीला उतरला. वर येताना दुसऱ्या मजल्यावर जिन्यात बसला. म्हणाला, श्वास पुरत नाही. हसत म्हणाला. ओठ निळे दिसत होते, मला वाटलं बाहेरच्या मांडवाचा प्रकाश. मग तो आडवाच झाला.

मिरवणुकीमुळे रस्ते बंद. शेवटी मंडळाच्या पोरांनी त्यांच्या टेम्पोतून नेला. टेम्पोत सगळीकडे गुलाल होता.

७ सप्टेंबर

आयसीयू. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली. डॉक्टर तरुण आहे, घाईत असतो. त्याने विचारलं, "पाय कधीपासून सुजलेला? मालीश वगैरे केलंत का कोणी?"

मी तोंड उघडलं. मामी माझ्या आधी म्हणाली, "नाही. कोणी हात लावला नाही."

डॉक्टरने लिहून घेतलं. मामीने माझ्याकडे बघितलं नाही. तिने मला वाचवलं. बाकड्यावर बसून समोरच्या फरशीतल्या चौकोनांकडे बघत होतो, त्यातले काही उलटे बसवलेत.

कृतिका आली. तिला काय सांगायचं ते ठरवत होतो, तर तिने मला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "पी." प्यायलो.

९ सप्टेंबर

मामा सकाळी गेला.

कॅन्टीनमध्ये इडली गरम मिळाली. मी दोनदा घेतली. का ते माहीत नाही.

२३ सप्टेंबर

दिवस झाले. माणसं आली, गेली. आई गावाहून आली, रडली, मला म्हणाली, "तू तरी होतास जवळ." मी हो म्हटलं.

आज कृतिका हॉस्पिटलचे कागद आणायला गेली होती. तो डॉक्टर भेटला. आली ती चपला न काढता आत आली. मामी आत भांडी घासत होती.

"पाय चोळलास ना तू?"

"हो."

"किती वेळा?"

"आठवत नाही." आठवत होतं.

ती खुर्चीत बसली. म्हणाली, "मी डॉक्टरला विचारलं, चोळला नसता तर बाबा वाचले असते का. तो म्हणाला, सांगता येणार नाही. इतका वेळ बसून आल्यावर गुठळी सुटायची तशीही सुटते कधी कधी. पण एकच पाय सुजला, गरम लागला, तर चोळायचा नसतो, तसंच डॉक्टरकडे न्यायचं. म्हणाला, कुठल्याही धड शाळेत हे मसाजच्या आधी शिकवतात." मग म्हणाली, "मी तुला विचारलेलं, मान्यता कोणाची."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज मघाशीच बंद झालेला. मग नळ परत सुरू झाला.

१ ऑक्टोबर

नौपाड्यात गेलो. जिन्याच्या तोंडाशी नवा फ्लेक्स. त्यावर मी. निळ्या पडद्यापुढे नाही, कोणाची तरी पाठ दाबताना, हसत. खाली लिहिलंय, आमचे यशस्वी विद्यार्थी.

वर नवी बॅच चाललेली. सरांना बाहेर बोलावून सगळं सांगितलं. सर खरंच हळहळले. खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "पण तू त्यांना आधी विचारायचं होतंस ना, बीपी, शुगर, शिरांचा त्रास वगैरे."

"तुम्ही कधी विचारायला शिकवलं?"

"अरे, ते कॉमन सेन्स आहे."

"मी फोन केलेला तुम्हाला. तुम्ही म्हणालात, फोड."

"फोनवर मला काय दिसतं, बाळा?"

मी विचारलं, ती आंतरराष्ट्रीय मान्यता देणारे कधी इथे आलेत का, वर्ग बघायला. सर म्हणाले, ते ऑनलाइन असतं सगळं. त्यांना स्वतःलाही कोणी शिकवलं असेल का, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. त्यांचा चेहरा खोटा नव्हता. तेच वाईट आहे. म्हटलं, फ्लेक्सवरून माझा फोटो काढा. म्हणाले, "छान आलाय रे."

टॉवेल अजून त्या तक्त्यावरच होते.

खाली येऊन समृद्धीला फोन केला. म्हटलं, एकच पाय सुजलेला असेल तर हात लावू नकोस. तिने विचारलं का. मी म्हटलं, नको लावूस, एवढंच. ती म्हणाली, तिच्या एका आजींचा पाय असाच आहे, संध्याकाळी जाणार होती. मी म्हटलं, आजींना दवाखान्यात ने. आत्ता. मग रिक्षात बसलो. कुठे जायचं ते सांगायचं राहिलं. रिक्षावाला म्हणाला, "बोला." मी म्हटलं, माजिवडा.

शिकायचं म्हणून नाही गेलो. दुसरं काही तोंडात आलं नाही.

१६ नोव्हेंबर

माजिवड्याला संस्थेजवळच एका खोलीत राहतो, आम्ही चौघं. फीच्या बदल्यात अर्धा दिवस संस्थेचे टॉवेल धुतो, तिथे कामाला असलेल्या गोदामावशींबरोबर. यंदा मामीकडे दिवाळी नव्हती, इथे मुलांनी कंदील लावलेला. तो अजून आहे.

रविवारी डोंबिवलीला जातो, मामीला भाजी आणि गॅसचं बघून येतो. ती जेवायला वाढते, बोलत नाही. केसांना तेल लावायचं तिने सोडलंय, कोरडे पांढरे केस सगळे भुरभुरतात. खिडकीतली खोबरेलाची बाटली नाही. वाटी पण नाही, ती गरम करून आणायची ती. मला वाटतं, मला बघितलं की तिला ते आठवतं, म्हणून उचलून ठेवते.

आज जेवताना ती एकदम म्हणाली, "त्या दिवशी मीच तुला..." तेवढ्यात कुकर फार शिट्ट्या करायला लागला, मी उठून गॅस बारीक केला. परत आलो तर ती ताक घुसळत होती. मग मी निघालो, नाहीतर बस चुकली असती.

११ डिसेंबर

अजून कोणाला हात लावलेला नाही. बरं आहे.

देवयानी मॅडम वर्गात एकेकाला उभं करून विचारतात. हाडं, शिरा, कुठे दाबायचं नाही, कोणाला दाबायचं नाही. मी मागे बसतो. अर्ध्या वेळेला माझं लक्ष बाहेरच्या पुलावर असतं, तिथे एक माणूस रोज बिघडलेली स्कूटर ढकलत नेतो, नेमकी तीच स्कूटर.

आज मॅडमनी विचारलं, "लांबचा प्रवास करून माणूस आलाय. दोन्ही पाय सुजले, एक उतरला, एक नाही. काय कराल?"

कोणी म्हणालं, हलक्या हाताने. कोणी म्हणालं, बर्फ.

मी म्हटलं, "हात लावणार नाही."

"का?"

"आत गुठळी असू शकते. चोळली तर सुटून छातीत जाते. तसंच दवाखान्यात न्यायचं."

"बरोबर. हे पुढच्या धड्यात आहे. तू कुठे शिकलास?"

"डोंबिवलीला."

मॅडम पुढचा प्रश्न विचारणार होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारला नाही. सुट्टीत मला बोलावून त्यांनी समजूतबिमजूत काढली नाही. एवढंच म्हणाल्या, "आमची परीक्षा मी घेत नाही, बाहेरचे घेतात, ते का माहीत आहे? मला तुम्ही आवडायला लागता."

८ फेब्रुवारी २०२६

हात लावायला सुरुवात झाली. आधी प्रश्न, मग परवानगी, मग हात. क्रम चुकला की मॅडम टेबलावरून उठवतात. अंगठा वापरायचाच नाही म्हणाल्या. कोपर, मनगटापर्यंतचा हात, अंगाचं वजन. माझा अंगठा बघितला आणि विचारलं, किती दिवस बधीर आहे. म्हटलं, ऑगस्टपासून. त्यांनी मला डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू परत, कदाचित पूर्ण नाही.

समृद्धीचा फोन होता. त्या आजी बऱ्या आहेत. तेव्हा गुठळीच होती. समृद्धी बराच वेळ काहीतरी बोलत होती, आभार वगैरे. मी टॉवेल पिळत होतो.

२९ मार्च

परीक्षेला स्वतःचा माणूस आणायचा असतो. संस्थेतला चालत नाही, वर्गातला चालत नाही. घरचा किंवा ओळखीचा, जो तुमच्या हाताखाली झोपायला तयार आहे. परीक्षक बघतात की तुम्ही त्याला सगळं विचारता का, आणि ओळखीचा आहे म्हणून काही गाळता का. माणूस नाही तर परीक्षा नाही.

कृतिकाला विचारलं. त्या तारखांना तिची इयर एंडिंगची कामं राहिलेली असतात, आणि तिने ते ज्या आवाजात सांगितलं त्यावरून मी परत विचारलं नाही. खोलीतल्या एकाला विचारलं, तो म्हणाला गुदगुल्या होतात. आता अजून कोणाला विचारावंसं वाटत नाही. मी कोणाला सांगणार, झोप, घाबरू नकोस.

मामीकडे आज विषय काढला नाही. कृतिका मात्र आत जाऊन तिच्याशी काहीतरी हळू बोलत होती, गॅस सिलिंडरचं असेल.

७ एप्रिल

परीक्षा चालू आहे. मी बाहेर व्हरांड्यात बसून हे लिहितोय. दोन परीक्षक आलेत, एक पुण्याहून आणि एक बाई नाशिकच्या. ते कोणाशी हसत नाहीत. एका मुलीने स्वतःच्या वडलांना आणलेलं, ती शुगर विचारायला विसरली, तिला तिथेच थांबवलं. ती जिन्यात बसलीय.

माझं नाव शेवटून दुसरं. मॅडम मघाशी येऊन गेल्या. "तुझं कोणी?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, पुढच्या बॅचला बस. ठीक आहे म्हटलं. खरंच ठीक आहे. इथून कुठे जाता येईल याचा विचार करत होतो, ओरिसात एक ओळखीचा आहे.

तरी मनातल्या मनात प्रश्न म्हणून बघतोय, सवयीने. सध्या काही औषध चालू आहे का. शिरांचा त्रास. एखादाच पाय सुजलाय का, गरम लागतो का. अलीकडे लांबचा प्रवास. घरात कोणाला असं झालेलं का. तुम्हाला हात लावला तर चालेल ना. सगळे पाठ आहेत.

गोदामावशी वर आल्या, हातात धुतलेले टॉवेल. म्हणाल्या, "संदेश, तुझं माणूस आलंय खाली."

म्हटलं, "माझं कोणी येणार नाही, मावशी. दुसऱ्याचं असेल."

"तुझं नाव घेतात की. डोंबिवलीहून आल्यात, एकट्या. बस चुकली म्हणून उशीर झाला म्हणाल्या. घरचा टॉवेल आणलाय पिशवीत, आणि तेलाची वाटी. म्हटलं, तेल आमच्याकडे असतं, तर म्हणतात, राहू दे." मावशी टॉवेल खाली ठेवत म्हणाल्या, "जा लवकर. चपला कुठे काढू, विचारतायत."